बायकोच्या शालीवरचा स्टिकर

आमच्या घरातला गालिचा बदलायला आलेल्या माणसामुळे मी अमेरिकेचा नागरिक झालो, असं सांगितलं की लोकांना ती थाप वाटते. वाटू दे. गालिचा अजून हॉलमध्ये आहे आणि तो माणूस आमच्या गावच्या सिटी कौन्सिलवर आहे, ज्याला खात्री करायची असेल त्याने यावं.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. शिकागोच्या पश्चिमेला, ट्रेनच्या लाइनवरच्या या गावात आम्ही नुकतंच घर घेतलं होतं. गालिच्याच्या दुकानाचा मालक स्वतः टेप घेऊन माप घ्यायला आला. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कुठल्याशा खेड्यातून तो विशीत इकडे आला होता. आधी छपरं दुरुस्त केली, मग दुसऱ्याच्या दुकानात गालिचे विकले, मग स्वतःचं दुकान टाकलं. गुडघ्यांवर बसून तो भिंतीकडेने सरकत होता आणि तोंडाचा पट्टा चालू होता. बायकोने विचारलं, चहा घेणार का. तो म्हणाला, नको नको, अजिबात त्रास घेऊ नका. तिने परत विचारलं. तो म्हणाला, छे, आत्ताच झालाय. तिने तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा तो म्हणाला, बरं, तुम्ही करणारच असाल तर अर्धा कप.

अर्धा म्हणत दोन कप प्यायला. तो गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, हा आपल्यातलाच आहे."

अमेरिकन माणसाला चहा विचारला आणि तो नको म्हणाला, की विषय संपतो. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही स्वतः लोकांच्या घरी नको म्हणून कितीदा तरी उपाशी परतलोय. या आयरिश माणसाकडे मात्र आमच्यासारखाच कायदा होता. पहिलं नको हे रीतीचं, दुसरं आग्रहाच्या मानाचं, आणि तिसऱ्यांदा विचारलंच नाही तर मनातल्या मनात वाईट वाटून घ्यायचं. एवढ्या एका गोष्टीवर आमची दोस्ती जमली. मी साधा केमिकल इंजिनिअर, पण चष्म्यामुळे असेल, तो मला प्रोफेसर म्हणायला लागला. आमच्या मराठी मंडळातली पोरं त्याला आयरिश काका म्हणायची आणि तो गणपतीच्या जेवणाला हक्काने येऊन मसालेभात मागून घ्यायचा.

पुढे त्याने दुकान विकलं. लोकांना वाटलं आता गोल्फ खेळेल. पण त्याने एका फुटपाथशी वैर धरलं. किंवा नसलेल्या फुटपाथशी म्हणू. आमच्या स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या अपार्टमेंट्स आहेत, आणि तिथून स्टेशनपर्यंतच्या वाटेत मधलाच एक तुकडा फुटपाथशिवाय राहिला होता. बर्फ पडला की वॉकर घेतलेल्या बायका गाड्यांच्या रस्त्यावरून चालायच्या. सिटी कौन्सिलच्या बैठकीत कुणाही नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं. हा दर बैठकीला जायचा आणि तीन मिनिटं त्या तुकड्यावर बोलायचा. दरवेळी त्याचे आभार मानले जायचे. दोन हिवाळे आभार ऐकून घेतल्यावर तो एके दिवशी आमच्या किचनमध्ये बसून म्हणाला, "प्रोफेसर, मी उभा राहतोय."

मी म्हणालो, वा! आणि मग त्याने तो प्रश्न विचारला.

"तुझं मत तर आहेच ना?"

"हे काय विचारणं झालं?" मी म्हणालो. "म्हणजे काय! नक्की!"

सिंकपाशी बायको भांडं घासत होती, तिचा हात थांबला. कारण मला मत नव्हतं. चाळीसहून जास्त वर्षं या देशात राहून, इथेच निवृत्त होऊन, मी अजून भारताचा नागरिक होतो. ग्रीन कार्डावर राहता येतं, कर भरता येतो, बर्फ उपसता येतो, फक्त मत देता येत नाही. बायकोने पंचवीस वर्षांपूर्वीच शपथ घेतली होती. मी दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणत आलो. सगळे धरून चालायचे की मीही केव्हाच घेतली असेल, आणि मी कुणाला दुरुस्त करत नसे.

"अहो, सांगायचं ना त्याला सरळ," तो गेल्यावर बायको म्हणाली. "इट्स नॉट अ क्राइम."

"सांगतो. योग्य वेळ बघून."

"पासपोर्टच्या बाबतीत पण तुम्ही असंच म्हणताय, माझे केस काळे होते तेव्हापासून."

ती बोलते ते खरं असतं आणि त्यामुळेच राग येतो. मी का थांबलो होतो, हे मला नीट सांगता येत नव्हतं. आयरिश माणसाला त्याचा देश म्हणतो, तिकडचा हो आणि आमचाही राहा. तो दोन पासपोर्ट खिशात घालून फिरतो. आम्हाला एक घेतला की एक द्यावा लागतो. ते निळं पुस्तक कपाटात आहे तोवर मी इथे पाहुणा आहे आणि पाहुण्याला परत जाता येतं, असं काहीतरी मी मनात धरून बसलो होतो. परत जाणार नव्हतो हे मलाही माहीत होतं. निघताना विमानतळावर माझ्या थोरल्या भावाला मात्र म्हणालो होतो, दोन वर्षांत येतो. तो अजून नाशिकला आहे, आणि त्याने त्या वाक्याची आठवण मला एकदाही करून दिलेली नाही. ते जास्त लागतं.

तर अशा परिस्थितीत मी प्रचाराला लागलो. प्रचाराला नागरिकत्व लागत नाही. त्याची मुलगी, इथेच जन्मलेली, कुठल्याशा लॉजिस्टिक्स कंपनीत मोठ्या पदावर, सुट्टी काढून बापाची कँपेन चालवत होती. तिने मला एक टॅबलेट आणि त्यात मतदारांची यादी दिली. घर, घरातल्या मतदारांची नावं, पुढे तीन चौकोन: हो, नाही, माहीत नाही. "अंकल, चार मिनिटं पर हाउस," ती म्हणाली. "फोर. मॅक्स."

मराठी घरांत बापाला घेऊन जायचं काम माझं. चार मिनिटांत मराठी घरात बूटसुद्धा निघत नाहीत. दार उघडायचं, या काका, बाहेर केवढी थंडी, आणि चहा टाकला जायचा. आयरिश म्हणायचा नको. घरातली काकू म्हणायची, असं कसं. तो म्हणायचा, खरंच नको. मी घड्याळ बघायचो. तिसऱ्या वेळेला तो बसायचा, आणि मग चिवडा यायचा. फेब्रुवारीत संध्याकाळी आम्ही चाळीस घरांचं टार्गेट घेऊन निघायचो आणि पाच घरं करून परत यायचो. मुलगी टॅबलेट बघून कपाळाला हात लावायची. "डॅड, तू मतं मागतोयस की नाश्ता?"

यात एक गोष्ट माझ्या लक्षात यायला उशीर झाला. एका निवृत्त डॉक्टरांकडे आम्ही तासभर बसलो. नागपूरकडचे गृहस्थ, बोलायला एकदम दिलखुलास. निघताना म्हणाले, "अरे यार, नक्की! ऑफ कोर्स! बघू या ना आपण!" मी बाहेर येऊन खुशीत 'हो'च्या चौकोनावर बोट ठेवलं. आयरिशने माझं बोट धरलं.

"ते 'नाही' आहे," तो म्हणाला.

"अरे, नक्की म्हणाले, वर ऑफ कोर्स म्हणाले!"

"म्हणूनच. ज्याला द्यायचं असतं तो एकदा म्हणतो. आमच्या गावातही असंच असतं. तोंडावर नाही म्हणायला जीव जातो, म्हणून माणूस हो म्हणतो, आणि वर थोडं जास्तच म्हणतो. घरी येऊन जेवून गेलेल्या माणसांनी माझ्या काकाला निवडणुकीत पाडलं होतं."

मी मुकाट्याने 'नाही'वर बोट ठेवलं. गाडीत बसल्यावर माझ्या कानात माझंच वाक्य वाजायला लागलं. हे काय विचारणं झालं. म्हणजे काय. नक्की. मी हीटर वाढवला. सांगून टाकावं असं त्या क्षणी खरंच वाटलं होतं, पण तो इतक्या आनंदात काचेबाहेर बघत होता, कुणाच्या अंगणात आपली पाटी लागलीय ते मोजत होता, की जीभ रेटली नाही. भीड म्हणतात ती हीच. माझं अर्धं आयुष्य या भिडेने चालवलंय.

मतदानाचा दिवस एप्रिलच्या सुरुवातीला असतो. आमचं केंद्र लायब्ररीत. दारापासून शंभर फुटांवर निळे शंकू ठेवतात आणि उमेदवाराने त्यांच्या आत यायचं नसतं. आयरिश सकाळपासून शंकूच्या बाहेर थर्मास घेऊन उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी हवामानाबद्दल बोलत होता. मला घरी थांबता आलं असतं. आजारी पडता आलं असतं. पण त्या दिवशी मी जे केलं ते आठवलं की अजून कान गरम होतात.

बायको सकाळीच मत देऊन आली होती. इथे मत दिल्यावर एक छोटा गोल स्टिकर देतात, मी मत दिलं असं लिहिलेला. तिने तो तिच्या बहिणीने विणलेल्या जांभळ्या शालीवर लावला होता आणि शाल खुंटीवर होती. मी तो हळूच काढला, पाकिटात ठेवला आणि लायब्ररीत गेलो. आयरिशला हात केला, आत शिरलो. मतदानाची खोली डावीकडे. मी उजवीकडे वळलो. वर्तमानपत्रांपाशी उभं राहून कुठल्याशा गावातल्या आगीची बातमी वाचली, मग टॉयलेटच्या आरशासमोर कोटावर स्टिकर चिकटवला. पासष्ट वर्षांचा माणूस, एका मोठ्या प्लांटची सेफ्टी सांभाळलेला!

बाहेर आलो. "दिलंस मत?" आयरिशने विचारलं.

"दिलं!" मी छातीवर बोट ठेवलं.

त्याने स्टिकरकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं असं मला वाटलं. मग म्हणाला, "चहा घे, गारठलायस," आणि थर्मास उघडला.

तो पडला. पडला तोही दोन हातांच्या बोटांवर मोजता येईल इतक्याच मतांनी. मुलगी रडली. तो म्हणाला, आमच्या घराण्याच्या मानाने ही प्रगती आहे. मला मात्र त्या रात्रीपासून जेवण जाईना. एका मताने काही झालं नसतं, हे गणित मला येत होतं. पण ज्या माणसाला मी नक्की म्हणालो होतो, तो त्या आकड्याकडे बघताना त्यात मला धरत असणार, आणि मी त्यात नव्हतो. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "एक तर त्याच्याकडे जा, नाहीतर माझ्यासमोरून जा."

गेलो. तो गराजमध्ये पाट्यांचे खिळे उपसत बसला होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं. मी नागरिक नाही. मला मत नाही. स्टिकर बायकोचा होता.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"सगळंच. यादीत तुमच्या घराच्या पुढे एकच नाव आहे. पहिल्याच दिवशी पाहिलं. आणि त्या स्टिकरच्या कडेला जांभळी लोकर होती, प्रोफेसर. तीस वर्षं गालिचे विकलेत मी. माणसाच्या कोटाची लोकर कुठली आणि बाईच्या शालीची कुठली, एवढं कळतं."

मला खाली बसायला काही सापडेना, म्हणून पाट्यांच्या ढिगावरच बसलो. म्हणालो, माहीत होतं तर मग ती यादी माझ्या हातात का देऊ दिलीस? तो म्हणाला, "म्हटलं, रोज हातात असेल तर कधीतरी तुला त्यात आपलं नाव बघावंसं वाटेल." मग खिळा उपसून डब्यात टाकला आणि बायकोची तब्येत विचारली.

घरी येऊन मी अर्ज भरायला घेतला. बायकोने माझ्यासमोर आल्याचा चहा ठेवला, आणि तेवढं मला पुरलं. वर्षभराने मुलाखतीला बोलावलं. घटना, सिनेटर, नद्या, सगळं पाठ करून गेलो होतो. समोरची ऑफिसर चांगली होती. अर्जातले प्रश्न एकेक करत वाचत होती आणि मी नाही, नाही म्हणत होतो. मग तिने विचारलं, अमेरिकेतल्या कोणत्याही निवडणुकीत तुम्ही कधी मतदान केलं आहे का?

नाही, फक्त स्टिकर लावला होता, असं अगदी ओठांवर आलं होतं. "नाही," मी म्हणालो. तिने एकदा वर बघितलं आणि पुढचा प्रश्न घेतला. बाहेर आल्यावर मी पार्किंगमध्ये गाडीला टेकून हसलो, मग बराच वेळ हसायचं थांबेना.

शपथेनंतर निळं पुस्तक भारतीय वकिलातीकडे पाठवून दिलं. ते रद्द होऊन परत आलं. ते मी कपाटात जिथे होतं तिथेच ठेवलं. त्या दिवशी नाशिकला भावाला फोन लावला. तीन दिवस मनात वाक्यं जुळवत होतो. दादा, एक सांगायचं होतं, वगैरे. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"झालास एकदाचा?" तो म्हणाला. "बरं झालं. आता तिथे तरी मत दे. इथे कुठे कधी दिलंस? नाव आपल्या गावच्या यादीत आणि तू हॉस्टेलवर, परीक्षेला बसलेला. मग विमानातच बसलास."

मी फोन ठेवून हिशेब केला, आणि तो चुकत नव्हता. इथे मी पाहुणा म्हणून राहिलो, पण त्याच्या आधी, तिकडे स्वतःच्या घरीही मी कधी मत दिलं नव्हतं. आयुष्यभर कुठेच नाही. ज्या दारातून परत जाणार म्हणून मी हे दार उघडलं नव्हतं, त्या दारातूनही मी कधी नीट आत गेलो नव्हतो. मला फार वाईट वाटलं, सरळच सांगतो. बाल्कनीत जाऊन थंडीत उभा राहिलो.

आयरिश दरम्यान स्वस्थ बसला नव्हता. पडल्यावर आठवड्याभरात त्याने सिटीच्या रस्ते-वाहतूक समितीत नाव दिलं. बिनपगारी काम, महिन्याला एक कंटाळवाणी बैठक, आणि घरी आणायला नकाशे. ते नकाशे तो आमच्या डायनिंग टेबलवर पसरायचा आणि मी इंजिनिअर म्हणून चुका काढायचो. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात तो फुटपाथचा तुकडा झाला. उद्घाटन वगैरे काही नव्हतं. आम्ही दोघं त्यावरून स्टेशनपर्यंत चालत गेलो आणि चालत परत आलो. त्याचं कंबरेचं हाड दुखत होतं, म्हणून तो मध्ये एकदा थांबला, आणि थांबल्या ठिकाणी बुटाने सिमेंट दाबून पाहिलं.

"पुन्हा उभा राहणार?" मी विचारलं.

"बघू," तो म्हणाला. मी हसलो, कारण हे बघू मला कळत होतं. त्यात होकार होता.

पुन्हा एप्रिल आला. लायब्ररी तीच, शंकू तेच. या वेळी तो घडीच्या खुर्चीवर बसला होता, काठी बाजूला, थर्मास मांडीवर. मी हात केला आणि आत गेलो. या वेळी डावीकडे वळलो. बाईंनी माझं नाव यादीत शोधलं आणि तिथे ते होतं. मी त्या नावाकडे पुन्हा एकदा पाहिलं, तर बाई म्हणाल्या, स्पेलिंग चुकलंय का? मी म्हणालो, नाही, बरोबर आहे. मग आत उभा राहून मी अख्खी मतपत्रिका वाचली. कौन्सिल, शाळा मंडळ, लायब्ररीचं मंडळ, बागांचं मंडळ, एक जण तर बिनविरोध होता, त्यालाही मत दिलं. बाहेर स्टिकर मिळाला. तो मी कोटावर लावला आणि नीट दाबला.

शंकूच्या पलीकडे जाऊन त्याच्यासमोर उभा राहिलो आणि वाट बघितली. तो हवेबद्दल बोलला. कंबरेबद्दल बोलला. डॉक्टरांच्या बायकोने दिलेल्या चकल्यांबद्दल बोलला. स्टिकर त्याच्या नाकासमोर होता.

"विचार ना," शेवटी मी म्हणालो.

"काय?"

"मागच्या वेळी विचारलं होतंस ते."

"ते मी आता कुणालाच विचारत नाही," तो म्हणाला. "ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला तसं विचारू नये. मला घरून शिकवलेलं होतं. त्या दिवशी मी विसरलो आणि तुला खोटं बोलायला लावलं. ती चूक माझी होती, प्रोफेसर."

दोन वर्षं मी मनात शब्द जुळवून माफी तयार ठेवली होती आणि तीच तो मला देत होता. माझे डोळे भरून आले, थंडीचं निमित्त होतं हे बरं. "मत दिलं," मी म्हणालो. "आज दिलं. आयुष्यात पहिल्यांदा."

"माहीत आहे. मागच्या वेळी दोन मिनिटांत बाहेर आला होतास. आज मी खुर्चीत गोठलो." त्याने थर्मासचं झाकण फिरवलं. "चहा?"

"नको," मी म्हणालो. आणि नंतर आम्ही तो दोघांनी मिळून संपवला.

त्या वेळी तो निवडून आला, चांगल्या फरकाने. रात्री आकडे आले तेव्हा मी फोनवर त्याला म्हणालो, बघ, माझं मत नसतं तरी चाललं असतं.

"मला चाललं असतं," तो म्हणाला. "तुला नसतं."